गल्लीचं बोललात, आता घरचंही बोला

(असोदा येथे खान्देशातील तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय हिप हॉप आणि ठिकाण असोदा, हे कळल्यावर दोघा-तिघांनी मला फोन केला. म्हणाले, "आपा, असोद्यात हिप हॉप? तिथं तर भरिताची वांगी मिळतात." खरं आहे, वांगी मिळतात. पण याच गावात २४ ऑगस्ट १८८० रोजी एक मुलगी जन्माला आली. महाजनांच्या घरातली. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती जळगावला चौधरींकडे गेली. शाळेत कधी गेली नाही, सही करण्यापुरतंही अक्षर तिला येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे ती गाणी रचायची. घरातल्या माणसांनी ती उतरवून घेतली म्हणून टिकली. ३ डिसेंबर १९५१ ला ती गेली आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं. आज आपल्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. बहिणाबाई चौधरी.

मी बहिणाबाईंना रॅपर म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तुम्ही हसाल आणि गावकरी रागावतील. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा, कारण आजच्या बोलण्यात त्या पुन्हा येणार आहेत. एक, तिच्याकडे लिहिता येणारा हात नव्हता, तोंड होतं आणि ताल होता. दोन, तिनं पुस्तकी मराठीची वाट पाहिली नाही, घरात बोलतात त्या लेवा गणबोलीत गाणी केली. तीन, तिनं शेत-शिवारावर गाणी केली तशी स्वतःच्या घरावरही केली. तिशीत वैधव्य आलं, लोकांच्या नजरा बदलल्या, त्यावरही ती बोलली.

आता जरा लांब जाऊ. न्यूयॉर्क शहरात ब्राँक्स नावाचा भाग आहे. १९४८ पासून तिथल्या वस्त्यांमधून एक मोठा महामार्ग काढायला सुरुवात झाली. हजारो कुटुंबांना घरं सोडावी लागली. ज्यांना शक्य होतं ते निघून गेले. मागे राहिले गरीब काळे लोक, पोर्तोरिकोहून आलेले लोक, पुढे जमैकासारख्या बेटांवरून आलेले लोक. कारखाने बंद पडले. भाडं मिळत नाही म्हणून काही घरमालकांनी विम्याच्या पैशासाठी स्वतःच्याच इमारतींना आगी लावल्या. पोरांच्या टोळ्या झाल्या. ह्या गल्लीतला त्या गल्लीत गेला की मार खायचा.

२ डिसेंबर १९७१ रोजी टोळ्यांमधलं भांडण मिटवायला गेलेला एक तरुण मारला गेला. त्याला सगळे ब्लॅक बेंजी म्हणत. त्याची टोळी होती घेटो ब्रदर्स. बदला घ्यायला सगळे तयार होते. पण घेटो ब्रदर्सच्या म्होरक्यांनी बदला नाकारला. सहा दिवसांनी, ८ डिसेंबरला, टोळ्यांची एक बैठक झाली आणि तह झाला. सगळी भांडणं त्या दिवशी संपली असं झालं नाही. पण एका गल्लीतल्या पोराला दुसऱ्या गल्लीत जाता येऊ लागलं, दुसऱ्यांच्या जलशाला उभं राहता येऊ लागलं. ही वाट मोकळी झाली नसती तर पुढचं घडणं अवघड होतं.

पुढे काय घडलं? ११ ऑगस्ट १९७३. सेजविक अॅव्हेन्यू, इमारत क्रमांक १५२०. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते, पैसे नव्हते. तिनं इमारतीचा हॉल घेतला, पार्टी ठेवली, तिकीट लावलं. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. गाणी वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता, ज्याला जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. हिप हॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगतात. भावाचं नाव सगळ्यांना पाठ असतं. पार्टी जिनं ठेवली त्या बहिणीचं नाव किती जणांना माहीत होतं? हात वर करा. दोन. बरं.

हर्कने काय केलं ते समजून घ्या, कारण ब्रेकिंग हा शब्द तिथून येतो. गाण्यात एक जागा अशी येते की गायक थांबतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि काही सेकंद फक्त ताल वाजतो. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात. हर्कच्या लक्षात आलं की नाचणारी पोरं त्या तुकड्याचीच वाट बघतात. मग त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. काही सेकंदांचा ताल पाच-पाच मिनिटं चालला. त्या ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल. आपण ज्याला ब्रेकडान्स म्हणतो त्याला नाचणारे ब्रेकिंगच म्हणतात. पोरं गोल करून उभी राहायची, एकेक जण मध्ये यायचा, आपलं कसब दाखवायचा, दुसरा त्याला उत्तर द्यायचा. हात लावायचा नाही. त्या गोलाला सायफर म्हणतात. हा गोल लक्षात ठेवा.

म्हणजे नाच, डीजे, शब्द म्हणणारा एमसी आणि भिंतीवरचं चित्र, ज्याला ग्राफिटी म्हणतात, हे हिप हॉपचे चार घटक. पाचवा घटक पुढे सांगितला गेला, ज्ञान. आपण कुठून आलो, आपल्यावर काय चाललंय, का चाललंय, हे कळणं. तो घटक काढला तर उरतात कपडे, साखळ्या आणि कॅमेरा.

हे सगळं ऐकताना मला धुळं आठवतं. ६ जानेवारी २०१३. हॉटेलच्या बिलावरून भांडण झालं, दोन जमाव समोरासमोर आले, दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लिम तरुण मेले. तुमच्यातले काही जण तेव्हा पाच-सहा वर्षांचे असतील. धुळ्याहून जे आलेत त्यांच्या घरात या तारखेची आठवण असेल. मी असं म्हणत नाही की कोणी रॅप केला असता तर गोळीबार थांबला असता. बंदूक ज्याच्या हातात आहे त्याची जबाबदारी त्याचीच, आणि न्याय मागायचा तो संविधानाच्याच रस्त्याने मागायचा. मी एवढंच विचारते की एका बिलाचं भांडण दोन जमावांचं भांडण कसं होतं? ह्या मोहल्ल्यातल्या पोराची त्या मोहल्ल्यात ओळखच नसते म्हणून होतं. ब्राँक्सच्या पोरांना आधी एकमेकांच्या गल्लीत जाता आलं, मग गाणं आलं. आपल्याकडे गाणं आलंय, मोबाइलवर हवं तेवढं आलंय. एकमेकांच्या गल्लीत जाणं अजून बाकी आहे.

काही जण म्हणतात, हे सगळं अमेरिकेचं, आपलं नाही. त्यांना मी तीन नावं सांगते.

पहिलं नाव सगनभाऊ. पेशवाईच्या अखेरच्या काळातला शाहीर. जातीने शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारा, धर्माने मुसलमान. त्याच्या लावण्या अख्ख्या महाराष्ट्राने ऐकल्या. त्या काळात फडांचे सामने व्हायचे. कलगीवाले एका बाजूला, तुरेवाले दुसऱ्या बाजूला. एकाने कवनातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने कवनातूनच जवाब द्यायचा. रात्र रात्र चालायचं. उत्तर आलं नाही तर हार कबूल करायची. आज तुम्ही ज्याला रॅप बॅटल म्हणता ते आणखी काय आहे? आपल्या खान्देशात वहीगायन आहे. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, डफावर रात्र कशी जागवायचे ते सांगतील.

दुसरं नाव शाहीर अमर शेख. बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणी कामगारांच्या सभा, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, सगळीकडे त्यांचा आवाज. एक मातंग, एक मुसलमान आणि गवाणकर एका डफावर उभे राहिले आणि लाखो मराठी माणसांनी त्यांचं ऐकलं. आपल्याला कोणी "तुम्ही मराठी बोलता?" असं आश्चर्यानं विचारलं तर हे नाव सांगा. शांतपणे सांगा.

तिसरं नाव मी थोड्या वेळाने सांगते.

आता आजचं बघू. कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजे नेझी. २०१४ मध्ये त्यानं आयपॅडवर गाणं रेकॉर्ड केलं, त्यावरच व्हिडिओ काढला आणि टाकला. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. अंधेरीचा डिव्हाइन आणि हा नेझी यांच्यावरून पुढे २०१९ मध्ये गली बॉय हा सिनेमा निघाला. धारावीत पोरं मोफत ब्रेकिंग शिकवतात, एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. वसई-नालासोपाऱ्याच्या पोरांचा किंग्ज युनायटेड हा ग्रुप २०१५ मध्ये सॅन डिएगोच्या जागतिक हिप हॉप नृत्य स्पर्धेत तिसरा आला आणि २०१९ मध्ये अमेरिकेतला मोठा टीव्ही शो जिंकून आला. पुण्याचा एमसी स्टॅन २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला. स्वदेसी नावाच्या गटात एमसी मवाली मराठीत रॅप करतो. त्यांनी २०१९ मध्ये वारली समाजाचे प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आरेच्या जंगलावर गाणं केलं. मधुरा घाणे, म्हणजे माही जी, महादेव कोळी समाजातली इंजिनिअर मुलगी, आदिवासींच्या प्रश्नांवर मराठीत रॅप करते. आणि गोवंडीची सानिया मिस्त्री, रिक्षाचालकाची मुलगी, हिजाब घालून रॅप करते, गरिबी आणि भेदभाव यांवर बोलते.

या यादीत तुम्हाला काय दिसतं? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, यातल्या बहुतेकांनी साधनांची वाट पाहिली नाही. दुसरी, यात खान्देश नाही. का नाही? आपल्याकडे बोलण्यासारखं काही नाही का? जळगावच्या उन्हात ४५ अंशांवर टिनाच्या पत्र्याखाली वेल्डिंग करणारा पोरगा आपल्या ओळखीचा आहे. धुळे-मालेगावचा यंत्रमाग आपल्या घरात खडखडतो. भुसावळच्या रेल्वेवर आपल्या दोन-दोन पिढ्या गेल्या. यावल, रावेर, चोपड्याकडचे तडवी भाऊ-बहिणी आदिवासीही आहेत आणि मुसलमानही. त्यांना दोन्हीकडून प्रश्न विचारले जातात, त्यांचं गाणं कोण करणार?

मला वाटतं, भाषेचा न्यूनगंड आड येतो. घरात आपण जी उर्दू बोलतो तिला लखनौवाला हसेल. गल्लीत अहिराणी बोलतो तिला पुणेवाला हसेल. शाळेत मराठी बोलताना उच्चाराला कोणी हसतं. म्हणून पोरं मुंबईची बोली उसनी घेतात आणि जळगावात राहून कुर्ल्याचं गाणं म्हणतात. कुर्ल्याचं गाणं कुर्लेवाला चांगलं म्हणतो, ते त्याच्याकडे राहू द्या. बहिणाबाईंनी बोलीत गाणं केलं तेव्हा तिलाही कोणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. एका ओळीत उर्दू, दुसरीत अहिराणी, तिसरीत मराठी आली तर येऊ द्या. आपण बोलतोच तसे.

बोलण्याची किंमतही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला अर्धवट सांगून पाठवलं असं होईल. एप्रिल २०२३ मध्ये राज्यातल्या सत्ताबदलावर रॅप केला म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास मुंबईच्या उमेश खाडेवर दुसऱ्या एका रॅपसाठी गुन्हा दाखल झाला. दोघंही मराठी. त्यांच्यावर होऊ शकतो तर आपल्या मुलाने गाणं टाकल्यावर अम्मीला रात्री झोप का लागत नाही, हे मला समजतं.

म्हणून घाबरून गप्प बसायचं का? नाही. संविधानाचं कलम १९ तुम्हाला बोलण्याचं स्वातंत्र्य देतं, आणि त्याच कलमात त्याच्या मर्यादाही लिहिल्या आहेत. दोन्ही वाचा, पान-दीड पान आहे. मी पोरांना तीन नियम सांगते. जे पाहिलं, ज्याची खात्री आहे तेच बोला. व्हॉट्सअॅपवर आलेलं गाण्यात घालू नका. सत्तेवर बोला, धोरणावर बोला, पण कोणत्याही धर्माच्या, जातीच्या माणसांना मिळून शिवी घालू नका. आणि गाणं टाकण्याआधी एका वकिलाला आणि एका आईला ऐकवा. हसू नका, आईला खरंच ऐकवा. पुढे मी जे सांगणार आहे त्याचा तिच्याशी संबंध आहे.

मधल्या विश्रांतीत एकाने मला चिठ्ठी दिली, "आपा, म्युझिक हराम है ना?" नाव लिहिलेलं नाही, पण प्रश्न प्रामाणिक आहे. मी आलिम नाही आणि फतवा देणार नाही. एवढं सांगते की या प्रश्नावर आपल्याच उलेमांमध्ये शेकडो वर्षं मतभेद आहेत. इमाम गझालींनी त्यांच्या इह्यामध्ये समा, म्हणजे संगीत ऐकणं, यावर स्वतंत्र भाग लिहिला आहे. आपल्याच दर्ग्यांमध्ये कव्वाली चालते. अमेरिकेतल्या काळ्या मुसलमानांचा हिप हॉपवर मोठा ठसा आहे. १९६८ पासून डफ-ढोलावर कविता म्हणणारे लास्ट पोएट्स होते, त्यांच्यात मुसलमान होते. मोस डेफने, म्हणजे आजच्या यासीन बेने, १९९९ चा आपला अल्बम बिस्मिल्लाहने सुरू केला. ज्याला वाटतं संगीत टाळावं, त्यानं टाळावं, त्याचा मान राखू. ज्याला वाटतं करावं, त्याला जमातबाहेर ढकलू नये. दुसऱ्याच्या ईमानचं मोजमाप आपल्याकडे दिलेलं नाही.

पण मला या प्रश्नात एक गंमत दिसते. हा प्रश्न मुलाला विचारला जातो तेव्हा चर्चा होते. मुलीच्या बाबतीत चर्चाच होत नाही, थेट निकाल लागतो.

मी भुसावळची. आठवीत असताना शाळेच्या गॅदरिंगसाठी आम्ही चार मैत्रिणींनी नाच बसवला होता. महिनाभर तालीम केली. शेजारच्या चाचांनी अब्बूंच्या कानावर घातलं. अब्बू ओरडले नाहीत, मारलं नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "अब बस." अम्मीने तो ड्रेस घडी करून पेटीत ठेवला. स्टेजवर माझ्या जागी दुसरी मुलगी नाचली, मी खाली बसून टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी मामूंच्या वरातीत माझा भाऊ बँडपुढे तासभर नाचला आणि त्याच अब्बूंनी त्याच्यावरून दहा-दहाच्या नोटा ओवाळल्या. त्यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. खरं सांगू का, तेव्हा मलाही वाटलं नाही. ते दिसायला मला पुढची दहा वर्षं लागली.

अब्बू वाईट माणूस नव्हते. मला बी.एड. त्यांनीच करू दिलं, त्यासाठी नातेवाईकांशी भांडले. मी शिक्षिका झाल्यावर एकदा त्यांना त्या नाचाबद्दल विचारलं. त्यांना आठवतही नव्हतं. आठवण करून दिल्यावर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "लोग क्या बोलते, बेटा." मजहब क्या बोलता, असं ते म्हणाले नाहीत. लोग.

मागच्या हिवाळ्यात जळगावात आठ-दहा पोरं तलावाकाठी लाइटच्या खांबाखाली पुठ्ठा अंथरून ब्रेकिंग करताना दिसली. मी थांबले. हातावर उभं राहून अंग स्थिर करायचं, त्याला फ्रीझ म्हणतात, ते एका पोराला जमत नव्हतं. तो म्हणाला, "आपा, मेरी बहन मुझसे अच्छा करती है, गच्चीवर मोबाइल बघून शिकली." मी विचारलं, "मग इथं का नाही आणत?" तो हसला. "यहां कैसे लाऊं, लोक काय म्हणतील?" तो एकोणीस वर्षांचा आहे. त्याच्या टोपीवर इंग्रजीत "आवाज उठवा" असं काहीतरी लिहिलं होतं.

माझं आजचं सगळं म्हणणं या एका प्रसंगात आहे. आपण पोलिसांवर रॅप करतो, नेत्यांवर करतो, नगरपालिकेच्या गटारीवर करतो. करायलाच हवा. पण आपल्या घरात जी गच्चीवर एकटी नाचते तिच्यावर एक ओळ नाही. तिहेरी तलाकने माहेरी परतलेल्या आपल्याच खालावर एक ओळ नाही. दहावीनंतर जिची शाळा सुटली त्या बहिणीवर नाही. उलट गाण्याला वजन यावं म्हणून आई-बहिणीवरून शिव्या घालतो आणि म्हणतो, हीच रस्त्याची भाषा. रस्त्यावर बायकाही राहतात, त्यांना ही भाषा विचारून घेतली होती का?

सरकारवर बोलणं अवघड आहेच. पण त्यावर गल्ली टाळ्या वाजवते. घरावर बोललं की गल्ली गप्प होते. १९६६ मध्ये हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तेव्हा टाळ्या वाजवायला किती जण होते? फक्त सात बायका होत्या. पण आज तो मोर्चा आपल्याला आठवतो.

आता तिसरं नाव. मलिका अमर शेख. शाहीर अमर शेखांची मुलगी, कवयित्री. चळवळीच्या घरात वाढली, चळवळीतल्याच मोठ्या कवीशी लग्न केलं आणि मग त्या पुरोगामी घरात बाईचं काय होतं ते आत्मचरित्रात लिहिलं. पुस्तकाचं नाव आहे मला उद्ध्वस्त व्हायचंय. बापाने मैदानात उभं राहून व्यवस्थेबद्दल सांगितलं, लेकीने उंबऱ्याच्या आतलं सांगितलं. दोघांचं मिळून एक गाणं पुरं होतं, असं मला वाटतं.

हिप हॉपलाही हे कबूल करावं लागलं. ज्ञान हा पाचवा घटक आहे हे ज्याने जगाला सांगितलं, त्या आफ्रिका बंबाटावर २०१६ मध्ये लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले आणि त्याला स्वतःच्याच संघटनेच्या नेतृत्वातून बाजूला व्हावं लागलं. काही लोक म्हणाले, आपल्या माणसाची बदनामी नको. हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय? ज्ञान म्हणजे आपल्या माणसालाही प्रश्न विचारता येणं.

आणि एक शेवटची मुलगी सांगते. मनिझा तलाश. काबूलमध्ये मुलांच्या गटात ब्रेकिंग शिकली. २०२१ मध्ये तालिबान आल्यावर देश सोडून पाकिस्तानात आणि तिथून स्पेनला गेली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रेकिंग पहिल्यांदा खेळलं गेलं, तेव्हा ती निर्वासितांच्या संघातून उतरली. नाचताना तिनं अंगावरचं निळं वस्त्र पंखांसारखं पसरलं, त्यावर अफगाण स्त्रियांना मुक्त करा असं लिहिलं होतं. ऑलिम्पिकच्या मैदानात राजकीय घोषणा चालत नाहीत, म्हणून तिला बाद केलं गेलं.  नियम तिला माहीत नसेल असं मला वाटत नाही. आयुष्यभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस तिनं घरी बसवलेल्या मुलींसाठी खर्च केला. तिच्यावर हसणारे आपल्याकडेही भेटले मला. त्यांना मी म्हटलं, तिच्याकडे दोन-तीन मिनिटं होती, तुमच्याकडे रोजचे चोवीस तास आहेत.

आता कामाचं बोलू. टाळ्या वाजवून घरी गेलो तर या बैठकीचा उपयोग नाही.

पहिलं, जागा. प्रत्येक शहरात उर्दू शाळांचे हॉल रविवारी रिकामे असतात, समाजमंदिरं असतात. अर्ज करा, चार पालकांच्या सह्या घ्या. मुलींसाठी जागा बंद, सुरक्षित आणि संध्याकाळी सात वाजायच्या आत हवी असेल तर ती तशी मागा. यात कमीपणा नाही. ब्राँक्समध्येही सुरुवात इमारतीच्या हॉलमध्येच झाली होती.

दुसरं, सोबत. तुमच्या ग्रुपमध्ये फक्त तुमच्याच मोहल्ल्यातले असतील तर तो ग्रुप अर्धा आहे. भीमनगरमधल्या पोरांना बोलवा, लेवा पाटलांच्या पोरांना बोलवा, तडवी मित्रांना बोलवा. त्यांच्या गल्लीत तुम्ही जा. दंगलीच्या दिवशी फोन करायला त्या बाजूचा एक नंबर असणं म्हणजे काय, हे धुळेकरांना विचारा.

तिसरं, एक गाणं. येत्या सहा महिन्यांत प्रत्येक ग्रुपने एक गाणं आपल्या वस्तीवर आणि एक आपल्या घरावर करायचं. घरावरचं गाणं घरातल्या बाईला आधी ऐकवायचं. ती म्हणाली हे टाकू नको, तर टाकायचं नाही. तिची गोष्ट तिची आहे.

चौथं, शिक्षण. नाचून, गाऊन पोट भरणारे थोडे असतात. ज्यांची नावं मी घेतली त्यांच्यामागे हजारो पोरं आहेत ज्यांचं नाव कोणी घेणार नाही. आयटीआय सोडू नका, बारावी सोडू नका. अमर शेखांनी पोटासाठी कामं केली आणि गायले.

आणि ती गच्चीवरची मुलगी. तिच्या भावाला मी नंबर देऊन आले होते. दोन महिने फोन आला नाही. मग आला, तिचाच. म्हणाली, "आपा, भाई बोला आप पूछ रहे थे." आज ती इथे आहे की नाही हे मी सांगणार नाही. तिचं तिनं ठरवायचं.

मी आता खाली बसते. खुर्च्या जरा मागे घ्या आणि गोल करा. पुढचा एक तास माइक तुमचा. कोणत्याही भाषेत बोला, गा, नाचा, किंवा नुसतं उभं राहून नाव सांगा. अट एकच, पहिल्या तीन पाळ्या मुलींच्या. मुलांनी तोवर ताल धरायचा.